सात दशांश

स्टॉपवॉचचं बटण दाबायला काही अक्कल लागत नाही, असं पोहणाऱ्या पोरांच्या आईबापांना वाटतं. काठावरच्या बाकावर बसून त्यांना बऱ्याच गोष्टी सोप्या वाटतात. खरी गोष्ट अशी, की सुटण्याचा आवाज झाल्याबरोबर बटण दाबलं तर एक वेळ येते, आणि पोहणाऱ्याचे पाय उडी मारायच्या ब्लॉकवरून सुटताना दाबलं तर दुसरीच, कमी. दोन्हींत सात दशांश सेकंदांचा फरक पडतो. तेवढ्यात पापणी फार तर दोनदा लवेल. पण तेवढ्यातच एक मुलगी संघात जाते आणि दुसरी घरी जाते.

शिट्टीबाईला हे सव्वीस वर्षांपासून ठाऊक होतं. शिट्टीबाई हे पोरांनी तिच्यामागे ठेवलेलं नाव. तोंडावर सगळे मॅडम म्हणत. तिची भाचीसुद्धा तलावाच्या फाटकातून आत शिरली की मॅडम म्हणायची आणि बाहेर पडली की मावशी. हा नियम मावशीनेच घातला होता, उगाच कुणी वशिल्याच्या नावाने बोंब मारायला नको म्हणून. भाची नऊ वर्षांची असताना ताईने तिला सुट्टीपुरती धाडली होती. "हिची पाण्याची भीती तेवढी घालव," म्हणाली होती. भीती पंधरा दिवसांत गेली. पोरगी मात्र परत गेली नाही, आणि ताईच्या दुसऱ्या संसारात तिची फारशी कुणी वाटही पाहिली नाही. त्याला आता दहा वर्षं झाली. मावशीचं लग्न नाही, भाचीला मैत्रिणी नाहीत. पहाटे साडेचारचा गजर दोघींना एकदम उठवायचा आणि रात्री नऊला दोघी माना टाकायच्या.

या वर्षी थंडीच्या सुरुवातीला भाचीचा उजवा खांदा धरला. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि पडद्यावर पेनाचं टोक ठेवून म्हणाले, "ही दोरी इथे विरत चाललीय. सहा महिने पाणी बंद केलंत तर सांधेल. नाहीतर एक दिवस तुटेल, मग आमचं दुकान उघडं आहेच." डॉक्टर विनोदी होते. दोघींपैकी कुणी हसलं नाही.

सहा महिने म्हणजे अख्खा मोसम. मोसमाच्या शेवटी अजिंक्यपद स्पर्धा होती, आणि तिथे दोनशे मीटर बटरफ्लाय दोन मिनिटं सोळा सेकंदांच्या आत मारणाऱ्या मुलीला देशाच्या संघात जागा होती. पुढची निवड चार वर्षांनी. चार वर्षांनी हा खांदा कुठे असेल हे सांगायला ज्योतिषी नको होता. म्हणून दोघींनी मधला मार्ग काढला. सराव निम्मा करायचा, मधल्या दोन्ही स्पर्धा सोडायच्या आणि थेट शेवटच्या शर्यतीत उतरायचं.

मधला मार्ग बहुतेक वेळा कुठेच जात नाही. निम्म्या सरावात वेळ अडकून बसली. दोन अठरा. दोन अठरा दोन. दोन सतरा नऊ. भाची वेळ ऐकायची, गॉगल काढायची आणि शॉवरखाली जाऊन उभी राहायची. शॉवरखाली रडण्याची एक सोय असते, कुणाला दिसत नाही. पण मावशीने हिला नऊ वर्षांची असल्यापासून पाहिलं होतं. तिला पाठीवरून कळायचं.

मग एका गारठलेल्या सकाळी मावशीचा अंगठा आखडला आणि बटण उशिरा दाबलं गेलं. उशीर झाला हे तिला त्याच क्षणी कळलं होतं. पोहून झाल्यावर ती सांगणारही होती, की ही वेळ धरू नकोस, माझंच चुकलं. पण भाचीने पाण्यातून डोकं वर काढलं, "किती?" म्हणून विचारलं, आणि मावशीने घड्याळात होतं ते वाचलं.

"दोन सतरा दोन."

भाचीने दोन्ही हातांनी पाण्यावर अशी थाप मारली की शेजारच्या लेनमधली पोरं थांबून बघायला लागली. त्या दिवशी ती पोटभर जेवली. आठवड्याभरात तिची वेळ खरोखरच सुधारली, आणि मावशीला वाटलं, हे औषध लागू पडतंय. गुण आला म्हणून मात्रा चालू राहिली. तेव्हापासून तिने बटण आवाजाला दाबलंच नाही. पाय सुटताना दाबू लागली. आपण खोटं बोलत नाही, घड्याळात दिसतं ते वाचून दाखवतो, एवढीच तिने मनाची समजूत घातली. माणसाला स्वतःची समजूत घालायला फार कष्ट पडत नाहीत.

तलावाच्या भिंतीवर लाल काट्याचं मोठं घड्याळ होतं. पोरं त्यावर आपापल्या वेळा बघत. मोसमाच्या मध्यावर तेही बंद पडलं. मावशीने दुरुस्तीचा अर्ज भरला, सही केली, टेबलाच्या खणात ठेवला आणि खण लावला. नंतर कुणी विचारलं की ती म्हणायची, "अर्ज केलाय." अर्ज केलाच होता.

स्पर्धेच्या तीन आठवडे आधी शेवटची चाचणी झाली. मावशीने वाचलं, "दोन पंधरा तीन." भाची काही दुधखुळी नव्हती. हातातलं घड्याळ स्पर्धेतल्या इलेक्ट्रॉनिक बोर्डापेक्षा थोडं उदार असतं हे तलावावरच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. तिने नेहमीप्रमाणे दोन दशांश वाढवले. "म्हणजे बोर्डावर दोन पंधरा पाच. अर्धा सेकंद हातात आहे, मॅडम!" मावशीने शिट्टी तोंडात धरून मान हलवली. खरं गणित तिच्या डोक्यात होतं. बोर्डावर ही वेळ दोन सोळा दोन आली असती. पोरगी अजून हद्दीबाहेरच होती.

पण टेपर बाकी होता. शर्यतीच्या आधी दोन-तीन आठवडे पोहणं कमी कमी करत नेतात, अंगातला थकवा उतरतो आणि शर्यतीत वेळ एखाद्या सेकंदाने तरी खाली येते; त्याला टेपर म्हणतात. मावशीने ठरवलं, टेपरचा हा सेकंद आपलं खोटं भरून काढेल. पोरगी सोळाच्या आत येईल, बोर्डावर आकडा झळकेल आणि मागचं कुणी उकरून काढणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

घोडामैदान दूर नव्हतंच. स्पर्धेचा तलाव दुसऱ्या शहरात होता, वर पत्र्याचं उंच छप्पर, आत क्लोरीनचा असा वास की डोळे चुरचुरावेत. सरावाच्या छोट्या तलावामागे एक अरुंद खोली होती. तिथे ओल्या बाकांवर पोरी टॉवेल पांघरून बसल्या होत्या. मावशी भाचीच्या खांद्याला चिकटपट्टी लावत होती. शर्यतीला वीस मिनिटं होती. थेट शर्यत, एकच, पुन्हा संधी नाही.

"मावशी," भाची हळूच म्हणाली. फाटकाच्या आत होती, तरी मावशी म्हणाली, आणि मावशी रागावली नाही. "काल रात्रभर ठणकत होता."

"सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय, तू झोपली नसतीस." तिने खांदा फिरवून बघितला आणि तोंड वाकडं केलं. "ऐक ना. मी एक ठरवलंय. पहिले पावणेदोनशे मीटर जीव काढून मारते. शेवटच्या पंचवीसला मात्र उजवा हात थोडा राखणार."

मावशीच्या हातातली पट्टी अर्धी चिकटलेली तशीच राहिली.

"राखणार म्हणजे?"

"म्हणजे खेचायचं नाही. डॉक्टर म्हणालेत ना, ताणलं तर तुटेल म्हणून. संघात गेले आणि खांदाच तुटला तर तिकडे जाऊन काय हात जोडून उभी राहू? अर्धा सेकंद आहे आपल्याकडे. वर टेपरचा एक. दीड झाले. त्यातला एक खर्च केला तरी पुरतंय की नाही?"

एकच सेकंद होता, आणि तो दोघींनी दोन ठिकाणी खर्ची घातला होता. सांगायचं तर आत्ताच सांगायला हवं होतं. वीस मिनिटं होती, आणि सांगायला एक वाक्य पुरलं असतं. 'तुझ्याकडे काही नाही, बेडके, मी तुला खोटं सांगत आले.' पण शर्यतीआधी वीस मिनिटं कुणी असं सांगतं? पोरगी ब्लॉकवर उभी तरी राहील का? हे कारण खरं होतं. त्याच्या पोटात दुसरं एक होतं, आणि तेही मावशीला माहीत होतं. तिला लाज वाटत होती. दहा वर्षांत या पोरीने तिच्याकडे कधी संशयाने बघितलं नव्हतं, ते बघणं तिला नको होतं.

"राखू नकोस," ती म्हणाली. "सगळं मार. शेवटपर्यंत."

"पण का? आहे ना अर्धा सेकंद?"

बाकावरच्या पोरी उठायला लागल्या होत्या. दारातून कुणीतरी शर्यतीचा नंबर पुकारला.

"आहे," मावशी म्हणाली.

त्यानंतर तिने पट्टी नीट दाबून बसवली आणि भाचीच्या टोपीवर टपली मारली, नेहमी मारायची तशी.

काठावर प्रशिक्षकांच्या रांगेत मावशी उभी राहिली तेव्हा तिचा अंगठा बटणावर होता. आवाज झाला. आठ मुली हवेत गेल्या, आणि इतक्या महिन्यांच्या सवयीने अंगठा भाचीचे पाय सुटताना दाबला गेला.

पहिली फेरी सुरेख गेली. दुसरीही. भाचीचे दोन्ही हात एकदम पाण्याबाहेर येत होते, एकदम आत जात होते, आणि आजूबाजूच्या मुलींची डोकी मागे पडत चालली होती. टेपर लागला होता. दीडशे मीटरच्या वळणावर बोर्डावर एक चाळीस दोन उमटलं आणि मावशीने मनात वजाबाकी केली. शेवटची फेरी साडेपस्तीस सेकंदांत मारली तरी पुरे. ही पोरगी सरावात पस्तीसने मारायची, तेही थकलेल्या अंगाने. वाचलो, तिला वाटलं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात तो असाच असतो, पाण्यावर तरंगताना काडीसुद्धा ओंडक्याएवढी दिसते.

शेवटच्या पंचवीसला भाचीचा उजवा हात आखूड झाला.

कुणाच्या लक्षातही आलं नसतं. मावशीच्या आलं. हात पाण्यात शिरत होता, पण खेचत नव्हता. ठरल्याप्रमाणे, शहाण्या मुलीसारखी, ती आपला खांदा जपत होती. "मार!" मावशी ओरडली. "मार गं! राखू नकोस!" तिने शिट्टी फुंकली, दोन्ही हात हवेत फिरवले, रांगेतल्या माणसाला ढकलून काठाच्या दोरीपर्यंत गेली. पाण्यात डोकं असलेल्या माणसाला काठावरचं ऐकू येत नाही, हे सव्वीस वर्षं पोरांना तीच सांगत आली होती.

भाची पहिली आली. बोर्डावर आकडा आला: दोन सोळा, एकतीस शतांश.

टाळ्या वाजल्या. भाचीने गॉगल कपाळावर सरकवले, बोर्डाकडे बघितलं आणि हसली. वेळ आवडली म्हणून आलेलं हसू ते नव्हतं. चूक बोर्डाची आहे म्हणून ती हसत होती. बाहेर येऊन ठिबकतच मावशीकडे धावली. "भिंतीवरच्या त्या घड्याळ थांबवणाऱ्या पट्टीला हात हळू लागला माझा! बोर्डाने घेतलंच नाही नीट. असं होतं, मागच्या वर्षी त्या उंच मुलीचं झालं होतं. मॅडम, तुमच्या घड्याळात किती?"

मावशीने मूठ मिटली. भाचीने ती हसत हसत उघडली, लहानपणी लिमलेटची गोळी काढून घ्यायची तशी, आणि वाचलं. "दोन पंधरा पाच! बघा! मी म्हटलं ना!" आणि घड्याळ घेऊन ती मुख्य पंचांच्या टेबलाकडे निघाली. मावशी तिच्यामागे गेली.

मुख्य पंच म्हातारे होते, अंगात पांढरा शर्ट, छातीवर तीन पेनं. त्यांनी भाचीचं सगळं ऐकून घेतलं. मग तिच्या लेनवरच्या तिन्ही वेळाधिकाऱ्यांना बोलावलं आणि त्यांची घड्याळं टेबलावर ओळीने मांडायला सांगितली. दोन सोळा एक. दोन सोळा दोन. दोन सोळा दोन. शेवटी त्यांनी मावशीचं घड्याळ त्या रांगेत ठेवलं आणि चष्मा पुसला.

"पोरी, भिंतीवरची पट्टी बिघडली असती तर ही तिघं बोर्डाशी भांडली असती. तिघांचं बोर्डाशी जमतंय. हे एकटंच सात दशांश कमी दाखवतंय." ते मावशीकडे वळले. आवाज खाली आणून, एका धंद्यातल्या माणसाने दुसऱ्याला विचारावं तसं विचारलं, "मॅडम, बटण कधी दाबता तुम्ही?"

हात थरथरला म्हणून सांगता आलं असतं. गर्दीत धक्का लागला म्हणाली असती तर म्हाताऱ्याने मानलं असतं. त्याच्या डोळ्यांत ती पळवाट दिसत होती. भाचीही वाट बघत होती, ओठावर अजून थोडं हसू होतं, मावशी काहीतरी सांगेल आणि सगळं सरळ होईल म्हणून. तिच्या पायांखाली पाण्याचं थारोळं साचलं होतं.

"पाय सुटले की," मावशी म्हणाली.

पंचांनी घड्याळ उचलून तिच्या हातात दिलं.

"आज?" भाचीने विचारलं.

"नेहमी. थंडीपासून."

भाची तिथल्या तिथे हिशोब करत होती. ती हिशोबात हुशार होती. महिन्यामहिन्याच्या वेळा तिला पाठ होत्या, आणि आता त्या प्रत्येक वेळेत ती सात दशांश घालत असणार. मावशीला तिचे ओठ हलताना दिसत होते.

"म्हणजे माझ्याकडे काहीच नव्हतं," ती शेवटी म्हणाली.

"तुला धीर यावा म्हणून..."

"आत्ता तिथे खोलीत मी विचारलं. तू म्हणालीस, आहे." तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "मी राखला गं. माझ्यात जोर होता. एवढा होता, आणि मी राखला."

तिने डाव्या हाताने उजवा खांदा धरला. दुखत होता म्हणून नव्हे. तो तसाच शिल्लक राहिला होता म्हणून. नंतर टॉवेल उचलून ती कपडे बदलायला गेली आणि मावशी पंच आणि तिन्ही वेळाधिकाऱ्यांसमोर तशीच उभी राहिली. खोट्याच्या कपाळी गोटा, हे तिला शाळेत असताना शिकवलं होतं. तो दुसऱ्याच्या कपाळी बसतो हे कुणी शिकवलं नव्हतं.

डॉक्टरांनी पुन्हा तपासण्या केल्या आणि खूश झाले. "दोरी जागेवर आहे. शेवटी हातचं राखलंत ते बरं केलंत, कुणीतरी शहाणपणा केला." या वेळीही कुणी हसलं नाही. सहा महिने पाणी बंद, रोज घरी व्यायाम. सहा महिन्यांनी पाण्यात उतरायचं की नाही, आणि उतरायचं तर कुणाच्या हाताखाली, हे भाचीने सांगितलं नाही. मावशीने विचारलं नाही. तिने खणातला अर्ज काढून कार्यालयात दिला. दुसऱ्या दिवशी माणूस आला, शिडी लावून एक वायर जोडली आणि दहा मिनिटांत गेला. भिंतीवरचा लाल काटा फिरायला लागला.

घरात भांडण झालं नाही. झालं असतं तर मावशीला बरं वाटलं असतं. भाची ताट घ्यायची, जेवायची, ताट धुऊन ठेवायची, विचारलं त्याचं उत्तर द्यायची. ती आता मावशीही म्हणत नव्हती आणि मॅडमही म्हणत नव्हती. हाक मारायची वेळच येऊ द्यायची नाही.

तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी ती स्वयंपाकघरात व्यायाम करत होती. दाराच्या कडीला रबराचा पट्टा बांधून उजव्या हाताने तो ताणायचा, तीस सेकंद धरायचा, सोडायचा. असं दहा वेळा. मावशी ओट्याशी भांडी पुसत होती.

"मी मोजू?" तिने विचारलं.

भाचीने खांदे उडवले. नाही म्हणाली नाही. मावशीने फडकं खाली ठेवलं, हात कोरडे केले आणि फ्रिजवरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे तोंड करून उभी राहिली. आयुष्यात कुठली शर्यत मोजली नसेल एवढ्या नेमाने तिने काट्याच्या प्रत्येक ठोक्याला एकेक आकडा म्हटला. एक. दोन. तीन. पंधराला भाचीचा हात थरथरू लागला. वीस. पंचवीस. मावशीने आकडा मागेपुढे होऊ दिला नाही.

"तीस," ती म्हणाली.

भाचीने हात खाली आणला नाही. थरथरत्या हाताने पट्टा तसाच ताणून धरला, मान वळवली आणि घड्याळाकडे बघितलं. काटा कुठे आहे ते नीट पाहून घेतलं आणि मगच सोडला.

"बरोबर होतं?" मावशीने विचारलं.

"हो."

तिने पट्टा पुन्हा ताणला. मान घड्याळाकडे वळवली होती, ती तशीच ठेवली. मावशीने पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली.